साहेब हलत नाहीत

आमच्या घरात अहो-जाहो दोघांनाच होतं. एक जावईबापू आणि दुसरा कुत्रा. जावयांना फक्त मी करते, कुत्र्याला सगळेच करतात. पिल्लू असताना, घरी आणलं त्याच दिवशी, तो बैठकीतल्या एकुलत्या एक आरामखुर्चीवर चढून बसला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू आम्हीच कामासाठी आलोय आणि तेही वेळ न घेता. तेव्हापासून त्याचं नाव साहेब. "साहेब जेवले का?" "साहेब उठलेत, दार उघडा." मला मात्र लेक म्हणते, "आई, तू जरा गप्प बस गं." सातवीतली नात हेच वाक्य म्हणते, फक्त 'आई'च्या जागी 'आजी' घालते.

घरात एक मांजरही आहे. तिला आम्ही भाडेकरू म्हणतो. येते, खाते, झोपते, जिन्यात भेटली तर ओळख दाखवत नाही.

मी रिटायर होईपर्यंत एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. बिनखिडकीची खोली, एक टेबल, एक जाड काच, काचेमागे मी. माझं सगळं बोलणं चार शब्दांत आटपायचं. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." निवृत्तीनंतर लेकीने चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला. "आई, वेळ जाईल तुझा," म्हणाली. माझा वेळ मजेत गेला. हाल झाले ते बाकीच्यांचे.

मी फोन डोळ्यांसमोर धरला की घरातले सगळे आपोआप श्वास रोखतात. मी सांगतेच तसं, आणि माझा आवाज असा आहे की रोखला जातोच. त्यामुळे आमच्या घरातल्या कुठल्याही वाढदिवसाचे फोटो पाहा, सगळी मंडळी छाती काढून, डोळे वटारून उभी. मेणबत्त्या विझवायच्या राहून गेलेल्या. जावईबापूंचा रंग तर फोटोगणिक बदलत जातो, कारण 'सोडा' म्हणायला मी अधूनमधून विसरते आणि ते बिचारे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत.

दुसरी खोड अशी की मी प्रत्येक गोष्टीचे दोन फोटो काढते, एक समोरून, एक बाजूने. एकाच बाजूने पाहून काही ठरवू नये, हे कामावर शिकले. आता ते केकलाही लागू करते. तिसरी खोड म्हणजे, जेवढा भाग बघायचाय तेवढाच घ्यायचा, बाकी सगळं बाहेर. माझ्या फोनमध्ये जावईबापूंचा चेहरा शोधाल तर सापडणार नाही. त्यांचा उजवा कोपर सापडेल. समोरून आणि बाजूने.

या सगळ्यात माझी लाज राखली ती साहेबांनी. रोज सकाळी चहा झाला की ते खिडकीपाशी येऊन बसायचे, मी माझे चार शब्द म्हणायची आणि ते दगडाच्या मूर्तीसारखे थिजायचे. कान, मिशा, शेपूट, काही म्हणता काही हलायचं नाही. फोटो इतका स्वच्छ यायचा की नाकपुडीवरचा केस न् केस मोजून घ्यावा. मी ते फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि वर प्रवचन द्यायची. "मारून, ओरडून काही होत नाही हो. आवाजात अधिकार लागतो." खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनासुद्धा मी हे ऐकवलंय, त्यांचा वर्ग पन्नास पोरांचा असताना. लेकीला तर एकदा सरळ म्हटलं, "तुला पोटची पोर वळवता येत नाही, मी मुकं जनावर वळवलंय."

लेकीच्या ओठांचा एक कोपरा जरा हलला. मला वाटलं, पटलं असावं.

मग साहेब लंगडायला लागले. पुढचा डावा पाय. आधी वाटलं, काटा असेल. काटा नव्हता. मनगटाच्या वर बोट दाबलं की ते पाय काढून घ्यायचे आणि आपल्याकडे असं पाहायचे की हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. आरामखुर्चीवर चढणंही त्यांनी सोडलं. खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे आणि रिकाम्या खुर्चीत कुणी बसू लागलं की गुरगुरायचे.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाय तपासला, मग छातीला नळी लावली. नळी जरा जास्तच वेळ लावून ठेवली. आमच्या हॉस्पिटलातही चांगली बातमी असली की नळी लवकर निघायची.

"दोन गोष्टी आहेत," डॉक्टर म्हणाले. "या वयात, या जागी दुखलं की हाडात काही वाढत नाहीये ना, ते आधी बघावं लागतं. एक्स-रे काढायलाच हवा. पण हृदय थकलंय. न हलता पडून राहायला भूल द्यायची म्हटलं तर…" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"तर काय?" नातीने विचारलं.

"तर मला धाकधूक वाटेल. उठतीलच याची खात्री देता येणार नाही. आणि हललेला एक्स-रे काही कामाचा नाही. गाठ असली तरी दिसायची नाही."

नातीने साहेबांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. लेक नवऱ्याकडे बघू लागली. अशा वेळी शहाणं माणूस गप्प बसतं. मला मात्र भीती वाटली की फुशारकी सुचते.

"भूल कशाला?" मी म्हटलं. "मी आहे ना. माझा शब्द मोडत नाहीत ते. चार शब्द म्हणेन, तुम्ही बटण दाबा."

"आजी, घरी ठीक आहे, पण इथे…" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुमच्या जन्माआधीपासून मी लोकांना हलू देत नाहीये."

डॉक्टरांनी हात जोडले आणि आम्हाला आत पाठवलं.

एक्स-रेची खोली पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. यंत्र चालवायला एक तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, बोलण्यात नेमकी. तिने टेबल खाली आणलं, साहेबांना कुशीवर निजवलं, दुखरा पाय पुढे घेतला आणि मला शिशाचा जड अ‍ॅप्रन आणि गळपट्टा चढवला. आयुष्यभर मी पेशंटला आत ठेवून काचेमागे पळत आले. शिशाखाली किती घाम येतो ते मला त्या दिवशी कळलं.

"आधी नुसती तालीम करू," मुलगी म्हणाली. "बटण मी नंतर दाबेन, तेव्हा बाकीचे बाहेर जातील. आत्ता सगळे दारात थांबलात तरी चालेल."

मी ताठ उभी राहिले. आपल्याच व्यवसायातली मुलगी बघतेय म्हटल्यावर जरा जास्तच ताठ. घसा साफ केला.

"श्वास घ्या."

साहेबांनी शेपूट टेबलावर आपटली. धप, धप.

"रोखा. हलू नका."

साहेब उठून बसले आणि त्या मुलीचा कान चाटला.

"आवाज छान आहे हं आजी तुमचा," ती कान पुसत म्हणाली.

दुसऱ्या वेळी मी अधिकार वाढवला. इतका, की बाहेरच्या बाकावरची सगळी माणसं श्वास रोखून बसली आणि एका बाईंचा ससा टोपलीत कोलांटी उडी मारून गेला. हे मला नंतर नातीने सांगितलं. खोलीत मात्र साहेबांनी मोठी जांभई दिली आणि पाठीवर लोळण घेतली. तिसऱ्या वेळी ते टेबलावरून उतरायला निघाले आणि दुखरा पाय टेकल्यावर कळवळले. मुलीने त्यांना उचलून परत ठेवलं. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात भुलीची बाटली होती.

"असं कधी होत नाही हो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "नवी जागा आहे म्हणून असेल. टेबलसुद्धा जरा…"

"हो, अंगण वाकडं आहे," लेक पुटपुटली.

"घरी तुम्ही नेमकं काय करता?" मुलीने विचारलं.

"हेच करते!"

"नाही आजी," नात दारातून म्हणाली. "घरी तू असं नाही करत."

"असं म्हणजे कसं?"

"असं सरळ उभं राहून."

"मग कशी असते मी?"

तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. "बाबा," नात म्हणाली, "दाखवू का?"

"काय दाखवायचंय? दाखवण्यासारखं काही नाहीये त्यात, उगाच आपलं," जावईबापू घाईघाईने म्हणाले. माझ्यासमोर ते इतकं लांब वाक्य बोलत नाहीत. तिथेच मला संशय आला.

"दाखव," मी म्हटलं.

नातीच्या फोनवर एक ग्रुप होता. त्याचं नाव 'आजचं आसन'. तो जावईबापूंनी काढला होता. त्यात लेक होती, नात होती, दुसऱ्या गावी राहणारा माझा सख्खा मुलगा होता, माझी धाकटी बहीण होती आणि इस्त्रीवालाही होता. मी तेवढी नव्हते. त्यात फोटो होते ते मात्र सगळे माझे.

म्हणजे मी साहेबांचे फोटो काढत असतानाचे माझे फोटो. रोजचे.

एक्स-रे वाचावा तसे मी ते एकामागून एक वाचले. गुडघे दुमडलेले, पण पूर्ण नाहीत. बूड हवेत, डोक्याहून उंच. डावा कोपर पंखासारखा बाहेर. एक डोळा मिटलेला, दुसरा खोबणीतून सुटायच्या बेतात. गाल फुगलेले, कारण दुसऱ्यांना श्वास रोखायला सांगताना मी स्वतःही रोखते. हे मला माहीत नव्हतं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून डोकावतंय. खाली बहिणीने लिहिलं होतं, 'कोंबडी आज अंडं देणार.' मुलाने लिहिलं होतं, 'आईला कुणीतरी सांगा, विमानाची चाकं उघडलेली नाहीत.' इस्त्रीवाला काही लिहीत नव्हता. तो दर वेळी नुसते हात जोडत होता.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"आई, आत्ता ते नको ना," लेक म्हणाली. "आत्ता साहेबांचं बघू."

"साहेबांचंच बघतेय! एकाही फोटोत साहेब नाहीत. सगळीकडे मीच आहे!"

मुलगी खाली वाकून अ‍ॅप्रनचा बंद बांधू लागली. तो आधीच बांधलेला होता. तिचे खांदे हलत होते. डॉक्टरांनीही मान लांब करून फोनमध्ये पाहिलं आणि मग भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता मन लावून वाचायला घेतला.

"आजी, ऐक," नातीने फोन खाली ठेवला. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज कामाचा होता. "साहेब शब्द ऐकून थांबत नाहीत, हे तर झालं. मग तू जे बाकीचं करतेस त्यातलं काहीतरी आहे. एका वेळी एकच गोष्ट करून बघायची. तूच शिकवलंयस मला, प्रयोगाच्या वेळी."

शिकवलं होतं खरं. मुलांना काही शिकवताना, ते आपल्यावरच उलटेल याचा विचार कुणी करत नाही.

"आधी जीभ," ती म्हणाली.

मी जीभ बाहेर काढली. साहेबांनीही काढली. डोळा मिटला, त्यांनी पंजा चाटला. गाल फुगवले, ते कुतूहलाने जवळ आले आणि हुंगून गेले. कोपर पसरला, काही नाही. शेवटी एकच गोष्ट उरली. ती काय आहे हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि ती मोठ्याने म्हणायला कुणी तयार नव्हतं.

"आई, राहू दे," जावईबापू हळूच म्हणाले. "आपण दुसरं काहीतरी…"

डॉक्टरांच्या हातातली बाटली मला दिसत होती. मी अ‍ॅप्रन सावरला, गुडघे दुमडले, पण पूर्ण नाही, आणि परक्या माणसांदेखत माझं बूड हवेत गेलं.

साहेब थिजले.

शेपूट मधल्यामध्ये थांबली. कान मागे गेले. डोळे माझ्यावर खिळले. मिशीचा केससुद्धा हलेना.

"बूड!" नात ओरडली. "आजी, बूडच आहे!"

बाहेरच्या बाकावर हे ऐकू गेलं असणार, कारण बाहेर एकदम शांतता पसरली.

डॉक्टर पुढे आले. आता ते खरोखरच साहेबांकडे बघत होते. "कान बघा. अंगही मागे ओढून धरलंय," ते म्हणाले. "हे ऐकणं नाही हो, आजी. हे सावध होणं आहे. यांच्या अंगावर कधी काही पडलंय का? जड असं?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

पडलं होतं. पहिल्याच वर्षी, नवा फोन हातात आला होता तेव्हा, साहेबांच्या नाकाचा फोटो घेण्याच्या नादात माझा तोल गेला आणि मी अख्खीच्या अख्खी त्यांच्यावर बसले. प्रसंग मला चांगला आठवत होता. फक्त माझ्या डोक्यात तो 'मला लागलं तेव्हा' म्हणून जमा होता. साहेबांच्या डोक्यात तो कशाखाली जमा होता, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं…" मी वाकलेल्या अवस्थेतच म्हटलं.

"त्यांचा हिशेब सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. "ही बाई वाकली. आता ही कुठल्या बाजूला पडते ते कळेपर्यंत आपण हलायचं नाही."

आवाजातला अधिकार म्हणे! खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांना मी कुठल्या तोंडाने भेटणार होते?

"पण रोज खिडकीशी आपणहून येतात ना ते," नात म्हणाली. "कुणी ओढून नाही आणत."

मी गाल फुगवून साहेबांकडेच बघत राहिले.

"आजी, अशाच राहा," साहेबांना पुन्हा कुशीवर निजवत यंत्रावरची मुलगी म्हणाली. "बाकीचे बाहेर व्हा."

दार लागलं. खोलीत मी, साहेब आणि यंत्राची घरघर. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर, वीतभर अंतरावर. दाढी पांढरी झाली होती. रोज सकाळी इतका जवळून फोटो काढूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी नाकपुडीचा केस नीट आलाय का तेवढंच बघायची. शिशाचा अ‍ॅप्रन मला खाली ओढत होता. गुडघे थरथरत होते. साहेब त्या गुडघ्यांकडे डोळ्यात तेल घालून बघत होते आणि मी मनात म्हणत होते, बघा, असंच बघत राहा, भ्या मला हवं तेवढं, पण हलू नका.

काचेमागून मुलीचा आवाज आला. "श्वास घ्या, आजी. रोखा. हलू नका."

मी हलले नाही.

"सोडा. आता पाय फिरवून दुसरी बाजू. अजून एकदा तशाच."

दुसऱ्या वेळी खाली जाणं सोपं गेलं, पण वर येणं जमेना. बटण दाबून झालं, दार उघडलं, साहेब उठून बसले, अंग झाडलं आणि मी तिथेच कोंबडीसारखी. मुलीने एका बाजूने धरलं आणि जावईबापू दुसऱ्या बाजूला आले. माझ्या दंडाला हात लावावा की लावू नये असे दोनदा थबकले. मग म्हणाले, "आई, भार टाका माझ्यावर. टाका बिनधास्त." आणि मी टाकला. ते थोडे वाकले, पण पडले नाहीत.

पडद्यावर चित्र उमटलं. डॉक्टर हात धुवायला गेले होते. लेक माझ्या कानाशी आली. "आई, काय दिसतंय? तुला कळतं ना?"

कामावर असताना हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारायचं आणि रोज मी एकच उत्तर द्यायची, की डॉक्टर सांगतील. नियम होता तो. कितीतरी वेळा मला सगळं दिसलेलं असायचं आणि मी चेहरा कोरा ठेवून चादर सारखी करत राहायची. एका शब्दाने नियम मोडला नाही, याचा मला अभिमान होता.

चित्र लखलखीत आलं होतं. हाडाच्या कडा पेन्सिलीने काढल्यासारख्या. मी वरून खाली पाहिलं, मग खालून वर. मग दुसऱ्या बाजूचं पाहिलं. सांध्याशी जागा कमी झालेली, कडेला बारीक टोकं आलेली. बाकी हाड स्वच्छ. कुठे डाग नाही, पोकळी नाही, काही वाढलेलं नाही.

"सांधा झिजलाय!" मी ओरडले. "अगं, नुसता झिजलाय गं! म्हातारपण आहे नुसतं!"

नातीने साहेबांच्या मानेत तोंड खुपसलं. बाहेरून सशाच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"झिजलाय!" मी त्यांनाही सांगितलं. घरात कुणाला नोकरी लागल्यासारखं सांगितलं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. त्यांना बहुतेक काही कळलं नव्हतं.

डॉक्टर हात पुसत आले, दोन्ही चित्रं पाहिली आणि मी म्हटलं तेच त्यांनी जरा सभ्य शब्दांत सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. "उड्या नाहीत. जिने कमी. वजन थोडं उतरवा. सकाळी हळूहळू चालायचं आणि उंच खुर्ची बंद."

"हे कुणाला?" जावईबापूंनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "गोळ्या फक्त कुत्र्याला. बाकीचं दोघांना."

आत जाताना एकच जण लंगडत होता. बाहेर दोघं लंगडत आलो, साहेब डाव्या पायाने, मी उजव्या. बाकावरच्या लोकांनी पाय आत घेऊन आम्हाला वाट करून दिली. गाडीपाशी आलो तर दोघांनाही वर चढवेना. जावईबापूंनी साहेबांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून ते घुटमळले.

"मी चढते हो," मी म्हटलं.

चढायला बराच वेळ लागला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी एक पाय आत टाकला, दार धरलं, वाकले आणि दुसरा पाय उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात आत साहेबांची शेपूट थांबली. मग ते दुखऱ्या पायासकट सरकत सरकत पार पलीकडच्या खिडकीला जाऊन टेकले आणि अर्ध्याहून अधिक सीट त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली.